कर्नलची फाईल

गेल्या उन्हाळ्यात माझी नात दोन काळी खोकी, एक पडदा आणि वायरींचं भेंडोळं घेऊन माझ्याकडे राहायला आली. नवी मुंबईत तिच्या आईबापांची इमारत पाडायला घेतली होती. भाड्याच्या जागेत दाटी होत होती, आणि तिच्या कंपनीचं म्हणणं, कुठेही बसा, काम झालं म्हणजे झालं. तिने माझी मधली खोली निवडली. मी दोन अटी घातल्या. पापडाचे डबे तिथेच राहतील, आणि दुपारी एक ते तीन मला कोणी हाक मारायची नाही. तिने दोन्ही मान्य केल्या आणि पहिल्याच दिवशी दोन वाजता मला उठवून विचारलं, आजी, या प्लगला अर्थिंग आहे का?

आमचं गाव थळच्या खाली आणि मुरुडच्या वर, समुद्राला लागून. चैत्र लागला की माझ्या खळ्यात जुनी लुगडी अंथरलेली असतात आणि त्यावर पोह्याचे पापड. आळीतल्या पाच-सहा जणी मिळून करतो. आज हिचे, उद्या तिचे. नात आली तेव्हा हंगाम भरात होता. बाहेर आम्ही लाट्या लाटत असू आणि आत ती बोटं चालवत असे. तिचा आवाज आमच्यापेक्षा जास्त.

आठवडाभर बरं चाललं. मग तिचं जेवण कमी झालं. ताटात बोंबलाचं कालवण तसंच राहायला लागलं. बोंबील टाकून देणारं माणूस आजारी तरी असतं नाहीतर अडचणीत, म्हणून मी तिला विचारलं, काय झालंय.

ती म्हणाली, "कर्नलमध्ये फाईल करप्शन सापडलंय, आजी. आणि सगळे म्हणतात ते माझ्यामुळे झालंय."

माझे हात थांबले. आमच्या गावात एक कर्नल आहे. फौजेतून रिटायर झालेला, समुद्राकडे बंगला बांधून राहतो, सकाळी काठी घेऊन फिरतो आणि माणसांपेक्षा कुत्र्यांना जास्त नमस्कार करतो. त्याच्या फायलीशी माझ्या नातीचा काय संबंध? पण हल्ली कोण कुठे काय काम करतं सांगता येत नाही. मी आवाज खाली करून विचारलं, "तू किती खाल्लंस?"

"सकाळी पोहे खाल्ले ना," ती म्हणाली. "आता भूक नाहीये."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. त्याच वेळी शेजारीण पोळपाट घेऊन आली. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला काकी म्हणते, आणि तिला एखादी गोष्ट सांगितली की आळीत वेगळी सांगायला लागत नाही. तिने विचारलं, "काकी, पोर काय करते गो आत दिवसभर?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. कर्नलच्या फायलीत करप्शन झालंय. ते कोणी केलं ते शोधतेय.

शेजारणीने त्या दिवशी दोनच लाट्या लाटल्या आणि गिरणीत जायचं राहिलंय म्हणून उठली.

दुपारी तीननंतर नातीने मला नीट समजावलं. हा कर्नल वेगळा. या कर्नलचा अर्थ गर. नारळात खोबरं असतं तसा यंत्राच्या आतला गर. तिच्या खोक्यात तो असतो, माझ्या फोनमध्ये असतो, बँकेच्या मशीनमध्येही असतो. ज्याला कोणाला यंत्रात काही लिहून ठेवायचं असेल, त्याने या गराला सांगायचं, मग गर ते जागेवर नेऊन ठेवतो. लिहिलेल्या त्या गठ्ठ्याला फाईल म्हणतात. आणि करप्शन म्हणजे कोणी काही खाल्लेलं नसतं. लिहिलं एक, आणि वाचायला गेलं की मधेच दुसरं काहीतरी निघालं, एवढंच. फाईल नासते, माणूस नाही.

मी म्हटलं, मग नासली म्हण की. करप्शन कशाला म्हणता.

पण तिची अडचण खरी होती. हा गर कोणा एकाचा नाही, जगभरची माणसं मिळून त्याचं काम करतात. त्यात तिने दोन वर्षं खपून एक नवीन जोड घातली होती. फायलींना जागा वाटून द्यायचं काम त्या जोडीमुळे भराभर व्हायला लागलं. थंडीत ती जोड सगळ्यांनी मान्य करून गरात घेतली. आणि त्यानंतर तीन ठिकाणांहून तक्रारी आल्या, की आमच्या फायली नासतात. या कामावर देखरेख करणारा एक परदेशातला दाढीवाला आहे, पांढरी दाढी, नाभीपर्यंत. त्याने तिला स्पष्ट कळवलं होतं. तुझी जोड यायच्या आधी तक्रार नव्हती, आल्यावर झाली. पुढच्या शुक्रवारी नवीन आवृत्तीचं काम बंद होणार होतं. तोपर्यंत कारण दाखव, नाहीतर तुझी जोड उपटून काढतो.

"दोन वर्षं, आजी," ती म्हणाली. आमच्या घरात रडायची पद्धत नाही. तिने अंगठ्याचं नख खाल्लं.

"तुझ्यात चूक हाय का?"

"चार वेळा वाचून काढलं. मला दिसत नाही."

"मग नसंल."

"नसेल म्हणून चालत नाही ना. दाखवावं लागतं."

हे एवढं कळल्यावर मी शेजारणीला बोलावून खुलासा करायला हवा होता, हे मला मान्य आहे. माझ्या मनात आलंही. पण गिरणी रेशनच्या दुकानाला लागून आहे आणि रेशनचं दुकान पंचायतीला. ती एव्हाना तिन्ही ठिकाणं करून घरी पोचली असणार. आता खुलासा करायचा तर माइक लावून रिक्षा फिरवावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजी उपसरपंच आले. हातात पिशवी, पिशवीत दोन पापलेटं, ताजी, डोळे चमकत होते. पापलेटांचे. हे गृहस्थ माझ्या नवऱ्याच्या बाराव्याला आले होते, त्यानंतर माझ्या पायरीला त्यांचा पाय लागला नव्हता.

मला एका क्षणात कळलं. आमच्या आळीतून समुद्रावर जायला सरळ वाट होती, दगडांची पाखाडी. आमच्या आधीच्या चार पिढ्या त्यावरून मासळीच्या पाट्या घेऊन वर आल्या. कर्नलने बंगला बांधला तेव्हाचे कागद या गृहस्थांच्या कारकिर्दीत झाले. कर्नलने आपल्या जागेत बांधलं, त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. पण मोजणीवाले आलेच आहेत तर यांनी शेजारची आपली माडांची वाडी पण चिरेबंदी कुंपणात घेतली, आणि मधली पाखाडी कुंपणाच्या आत गेली. आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही देवळाला वळसा घालून जातो. रिकाम्या हाताने वळसा काही वाटत नाही, डोक्यावर ओली पाटी असली की मानेला कळतो. अर्ज दिले होते. एकदा उत्तर आलं की फाईल सापडत नाही. दुसऱ्यांदा आलं की फाईलला वाळवी लागली.

उपसरपंच खुर्चीत बसले, टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "वयनी, नात मोठ्या हापिसात हाय म्हणे."

"मोठं हापिस माझ्या मधल्या खोलीत हाय."

"ती फाईल... मिळाली काय तिला?"

"फाईल तिच्याजवळच हाय. करप्शन कुठून झालं ते सापडत न्हाय."

"म्हंजे सापडायचं हाय अजून."

"शुक्रवारपतूर."

यात मी एक शब्द खोटा बोलले नाही. पापलेटं मी ठेवून घेतली. परत केली असती तर माणसाला अपमान वाटला असता, आणि माझ्याकडे त्या दिवशी नुसता भात आणि सुकट होती. नातीनेही बऱ्याच दिवसांनी पूर्ण जेवण केलं. कोण आलं होतं, तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्या कामाची चौकशी करत होते. तिला बरं वाटलं.

मग मला कामाला लावलं. तिचं शोधणं असं चाललेलं: दोन खोकी दिवसभर फायली लिहीत, छाटत, पुसत, परत वाचून बघत. पडद्यावर हिरव्या ओळी पळत असत. फाईल नासली की एक ओळ लाल यायची. कधी तासाने, कधी सहा तासांनी. ती तिथे बसून राहिली तर बाकीचं कधी करणार? म्हणून मी सूप घेऊन पडद्यासमोर बसायचे, तांदूळ निवडत. लाल आलं की हाक मारायची. पगार नाही.

लाल आलं की ती धावत यायची, बघायची, सुस्कारा टाकायची आणि परत जायची. असं तीनदा झाल्यावर मी विचारलं, बघतेस काय आणि जातेस काय. आत काय घुसलंय ते सांग की.

ती म्हणाली, तेच कळत नाही. फायलीत मी मुद्दाम काहीही अर्थ नसलेला मजकूर भरते, कचरा. प्रत्येक फाईलची बेरीज करून ठेवते. वाचताना परत बेरीज करते. जुळली नाही की लाल.

"म्हंजे नासलं एवढंच कळतं. कोणाचं कोणात गेलं ते न्हाय."

"कचऱ्यात कचरा मिसळला तर कसं कळणार?"

"मग टोचे मार ना."

तिने माझ्याकडे बघितलं. टोचे तिला माहीत नव्हते. मुंबईत वाढलेल्या मुली पापड तळतात, उलटा करून बघत नाहीत. मग मी तिला सांगितलं. सांगायचं काही ठरवून नव्हतं, तांदूळ निवडायचे बाकी होते म्हणून सांगितलं.

मी लग्न होऊन आले त्या वर्षी या घरात पहिल्यांदा पापडाचा डबा बुरसला. आधी कधी बुरसला नव्हता, आणि घरात नवीन काय होतं, तर मी. पुढे चौकशीची गरज कोणाला वाटली नाही. सासू म्हणाली, हिच्या हातालाच ओल आहे. सासरे म्हणाले, घाई करते. घाई करायचे हे खरं. माझा हात चालायचा, सासूचा एक पापड होईतो माझे तीन. दुसऱ्या वर्षी मी काय केलं, माडाच्या झावळीचा हीर घेतला आणि लाटलेल्या प्रत्येक पापडाला कडेला तीन टोचे मारले. कोणाला सांगितलं नाही. पावसात डबा उघडला, पुन्हा बुरशी. मी डबाच खळ्याच्या पडवीत आणला आणि सगळ्यांच्या देखत बुरसलेले पापड एकेक करून मांडले. एकालाही टोचे नव्हते. घरात लाटणाऱ्या दोघीच होतो.

झालं होतं असं. माझे पापड मी उचलायचे, हात लावून, वाळले का बघून. सासूचे सासू उचलायची. पण मी लाटायचे भराभर, त्यामुळे लुगड्यावर जागा पुरायची नाही, आणि मला जागा करून द्यायला सासू आपले आधीचे उचलून डब्यात घालायची. हात लावायची नाही. म्हणायची, "बघायला कशाला पायजे, तोवर वाळतात." तिच्या सासूच्या वेळेपासून ती तसंच करत आली होती, आणि हळू लाटणाऱ्या बाया होत्या तोवर ते खरोखर वाळायचे. मी आले आणि ‘तोवर’ हा वेळच उरला नाही.

"मग सासूबाई काय म्हणाल्या?" नातीने विचारलं.

"म्हणाली, यंदा हवा दमट होती. आन् बुरसलेले गुरांपुढं टाकले."

त्या वर्षापासून आमच्या आळीत ज्याची त्याची खूण आहे. माझे तीन टोचे, शेजारणीची फुली, तिच्या जावेची बांगडीची कड. कोणाच्या डब्यात कोणाचा गेला ते लगेच कळतं आणि भांडण लवकर संपतं.

नात उठली, मला सुपासकट बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं कंटाळली. संध्याकाळी बाहेर आली ती म्हणाली, टोचे मारले. फाईल तिच्या यंत्रात पाना-पानांची असते, तर प्रत्येक पानावर तिने शिक्का टाकला होता: फाईल अमकी, पान तमकं, लिहिलं कधी. एवढं साधं मला आधी का सुचलं नाही, असं ती स्वतःलाच म्हणत होती. मी सांगितलं, सुचतं, पण स्वतःवर आळ असला की माणूस आधी स्वतःचे हात धुण्यात वेळ घालवतं. मीही पहिलं वर्ष तेच केलं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास लाल आलं. मी हाक मारली. तिने पान उघडलं. सात नंबरच्या फायलीच्या बरोबर मधे, जिथे सात नंबरचंच पान पाहिजे, तिथे शिक्का होता तीन नंबरचा. आणि तीन नंबरची फाईल त्याच्या आधीच छाटून टाकलेली होती.

"गेलेल्या फाईलचं पान," ती म्हणाली. "हे इथे आलं कुठून?"

ते मला विचारलेलं नव्हतं, म्हणून मी चहा ठेवायला गेले.

उपसरपंच चहाच्या वेळेलाच आले. या वेळी शहाळी आणली होती. त्यांनी मला टाळून सरळ मधल्या खोलीच्या दारात खुर्ची ओढली. नात खुशीत होती, आणि माझी नात खुशीत असली की समोरच्याला कामाचं सांगत सुटते, त्याला कळो न कळो. त्यांनी विचारलं, काय मागमूस लागला काय.

"लागतोय, काका. माझ्यावर आळ होता, पण मला वाटतं हे जुनं प्रकरण आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलंय, आणि आत्तापर्यंत झाकून राहिलं."

उपसरपंचांनी घोट गिळला. "इतक्या वर्सांनी नाव कसं निघंल? कागदं ऱ्हातात व्हय?"

"आमच्याकडे सगळं राहतं. प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कोणत्या दिवशी लिहिली, सगळ्याची नोंद असते. एक कमांड दिली की ओळीपुढे माणसाचं नाव येतं. ब्लेम म्हणतात तिला."

"वाळवी..."

"काय?"

"न्हाय. पुसता येत न्हाय काय ते?"

"पुसायला गेलं तर कोणी पुसलं त्याचीही नोंद होते," नात हसून म्हणाली.

ते अर्धा चहा ठेवून उठले. जाताना चपला उलटसुलट घातल्या. नात मला म्हणाली, काकांना या वयात केवढा इंटरेस्ट आहे. मी म्हटलं, आहे खरा.

गुरुवारी अकरा वाजता तिने ती जागा शोधून काढली. मला बोलावून दाखवली, म्हणजे पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मला त्यातलं वाचता येत नाही, पण तिने सांगितलं ते मला समजलं. यंत्रात लिहायचं ते लगेच जागेवर जात नाही. सांगणाऱ्याने सांगितलं की गर ते हाताशी ठेवतो आणि सवडीने जागेवर नेतो. आता फाईल छाटली की तिची जागा रिकामी होते आणि दुसरीला देता येते. पण छाटलेल्या फाईलचं एखादं पान अजून वाटेत असलं तर? ते जागेवर पोचेपर्यंत थांबायला हवं. जुन्या कोडात तिथे थांबत नव्हते. जागा रिकामी म्हणून सांगून मोकळे व्हायचे. पूर्वी ती जागा दुसऱ्या फाईलला मिळेपर्यंत इतका वेळ जायचा, की वाटेतलं पान कधीच पोचलेलं असायचं. नातीच्या जोडीने वाटप भराभर व्हायला लागलं. रिकामी म्हटली की लगेच सात नंबरला दिली, सात नंबरने आपलं लिहिलं, आणि मागून तीन नंबरचं उशिराचं पान येऊन त्याच्यावर बसलं.

"आणि आजी, हे बघ. इथे लिहिणाऱ्याने बाजूला टीप ठेवलीय." तिने इंग्रजीतली ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. "इथे थांबायची गरज नाही. तोवर लिहून होतं."

मी म्हटलं, "सासू."

ती खुर्चीवर मागे रेलून इतकी हसली की बाहेरून शेजारीण विचारायला लागली, काय झालं.

"कोणी लिहिलंय ते काढ," मी म्हटलं. तिने ब्लेमची कमांड दिली. नाव आलं ते दाढीवाल्याचं.

आता तिचं हसू गेलं. तिची जोड ठेवायची की उपटायची हे ज्याच्या हातात, त्याचीच चूक त्याला दाखवायची. तिने पत्र लिहायला घेतलं आणि चार वेळा पुसलं. फार नम्र होत होतं. मी म्हटलं, मी त्या वेळी भाषण केलं नव्हतं. पापड मांडले. तू पण मांड, बोलू नकोस. तिने तसंच केलं. शिक्के पडलेली पानं एकाखाली एक लावली, त्याची टीप जशीच्या तशी वर ठेवली, आणि खाली आपली दुरुस्ती. दुरुस्ती एका ओळीची होती. तिचा अर्थ, थांब.

दोन वर्षांच्या जोडीसाठी पंधरा दिवस उपाशी, आणि शेवटी निघालं काय तर थांब. मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, कुठे थांबायचं ते सापडायला पंधरा दिवस लागतात, थांबायला नाही.

दुरुस्ती घालून खोकी परत चालू केली. गुरुवारी दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी सगळे तांदूळ निवडले, मग डाळ, मग शेजारणीची डाळ. लाल आलं नाही. एकदा लाईट गेली, ती इन्व्हर्टरवर निभावली.

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता दाढीवाल्याशी बोलणं होतं. नात केस विंचरून बसली. मी मागे डब्यांच्या रांगेजवळ स्टुलावर बसले, तिने बस म्हटलं म्हणून. दाढीवाला पडद्यावर आला. आणि त्याच वेळी बाहेर धडाधड घणाचे घाव ऐकू यायला लागले. नातीने आवाज बंद केला. "आजी, बघ ना कोण आहे, पाच मिनिटं थांबवा म्हणावं."

मी खिडकीतून बघितलं. वाडीच्या कुंपणापाशी उपसरपंच दोन गडी घेऊन उभे होते आणि चिरे उतरवत होते. पाखाडीची वरची पायरी दिसायला लागली होती.

मी परत येऊन बसले आणि तिला सांगितलं, ते काम आज थांबायचं नाही. तू बोल.

दाढीवाला आधी इकडचं तिकडचं बोलला. मागे ती पत्र्याची रांग कसली, सर्व्हर आहेत का, असं त्याने विचारलं. नातीने सांगितलं, पापड. मग त्याने दाढीतून बोटं फिरवली आणि थोडंसं बोलला. नातीचे खांदे खाली आले. मला तेवढ्यावरून कळलं, पण ती बोलणं संपल्यावर म्हणाली, तो म्हणाला की ती टीप माझी, चूक माझी, मी रात्रभर तपासून बघितलं, तुझी जोड राहील. आणि टीप लिहिली त्या दिवशी आपण कसल्या घाईत होतो ते आठवत नाही म्हणाला.

माझ्या सासूपेक्षा बरा. हवेवर ढकललं नाही.

त्यांच्यात रीत अशी, की दुरुस्तीखाली सुचवणाऱ्याचं नाव घालायचं. नातीने आजी असं घातलं. ते परत आलं, नावापुढे ईमेल लागतो म्हणून. मी म्हटलं मला ईमेल नको, मला आहे तेवढी माणसं विचारायला येतात ती पुरेत. मग तिने नाव काढलं आणि मजकुरात लिहिलं, की खुणा घालायची युक्ती पापडांवरून घेतली. त्यावर परदेशातल्या चार-पाच जणांची पत्रं आली, पापड हे नेमकं कोणतं साधन आहे आणि कुठून उतरवून घ्यायचं.

शनिवारी सकाळी मी आणि शेजारीण पाखाडीने समुद्रावर गेलो. पायऱ्यांवर माती साचली होती, एक दगड हलत होता, बाकी ठीक. वर येताना उपसरपंच मोडलेल्या कुंपणापाशी उभे होते. उरलेले चिरे रचून ठेवत होते. मला बघून म्हणाले, "वाट लोकांची हाय, वयनी. मी म्हटलं पावसाच्या आधी मोकळी करावी."

"बरं केलंत."

ते जरा जवळ आले. शेजारीण पुढे गेली होती, पण तिची चाल मंदावली. "त्या फायलीचं... झालं काय?"

"झालं. काल संध्याकाळी सापडलं."

"नाव निघालं?"

"निघालं."

त्यांनी हातातला चिरा खाली ठेवला. "कोणाचं?"

"एका दाढीवाल्याचं."

उपसरपंचांनी आपल्या गुळगुळीत हनुवटीवरून एकदा हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूने फिरवला, आणि कुंपणाच्या पडलेल्या भागाकडे बघत राहिले. मी पाटी डोक्यावर सारखी केली आणि सरळ वाटेने घरी आले.